अ‍ॅम्पचा आवाज अडला कुठे? गिटार अ‍ॅम्प्लिफायरच्या इफेक्ट्स लूपमधला बिघाड पायरीपायरीने शोधूया



आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला दोन दिवस उरले होते. मुलींच्या समूहगीताचा सराव चालू होता आणि मी गिटार वाजवत होते. दुसऱ्या कडव्याला गिटारचा आवाज एकदम खाली बसला. जणू कुणी अ‍ॅम्पवर गोधडी टाकली. तार जोरात छेडली की क्षणभर आवाज परत यायचा, थोडी खरखर व्हायची आणि पुन्हा तेच. मुली गायच्या थांबल्या नि माझ्याकडे बघू लागल्या.

हा अ‍ॅम्प माझ्या मामेभावाने वापरून शाळेला दिलेला. आमच्या गुरुजींनी अंदाज केला, "स्पीकर गेला." तालुक्याच्या एका दुरुस्तीवाल्याला फोन केला तर त्याने न बघताच सांगितलं, "बोर्ड गेला असेल, साडेतीन हजार धरून चाला." साडेतीन हजार! वाचनकोपऱ्याच्या पुस्तकांसाठी जमवलेल्या लोकवर्गणीतून ते तात्पुरते घ्यावेत, अशी चर्चासुद्धा झाली.

शेवटी खर्च आला तो स्वच्छता-स्प्रेच्या एका बाटलीचा. बोर्ड ठीक होता, स्पीकरही ठीक होता. बिघाड निघाला तो अ‍ॅम्पच्या मागच्या बाजूला, आम्ही कधीही न वापरलेल्या एका भोकात. तो कसा शोधला, ते आजच्या लेखात बघूया. ज्यांच्याकडे गिटार अ‍ॅम्प आहे त्यांना याचा थेट उपयोग होईल. ज्यांच्याकडे नाही त्यांनीही शेवटपर्यंत वाचा, कारण शोधायची ही रीत मला नंतर एका मुलाच्या गणिताच्या वहीतही कामाला आली.

आधी आवाजाची वाट समजून घेऊ

नळाला पाणी आलं नाही तर आपण लगेच टाकी बदलत नाही. टाकीत पाणी आहे का, मधला कॉक उघडा आहे का, पाइप कुठे तुंबलाय का, असं वाटेवाटेने बघत जातो. अ‍ॅम्पचंही तसंच आहे. आवाजाची वाट अशी असते :

गिटार → इनपुट → प्रीअ‍ॅम्प → सेंड → रिटर्न → पॉवर अ‍ॅम्प → स्पीकर

गिटारच्या पिकअपमधून येणारा विजेचा संदेश फार क्षीण असतो, एका व्होल्टचाही छोटासा भाग. प्रीअ‍ॅम्प तो वाढवतो आणि त्याला रंग देतो. गेन, बास, ट्रेबल ही बटणं याच भागातली. पॉवर अ‍ॅम्प त्याला स्पीकर हलवण्याइतकी ताकद देतो.

या दोघांच्या मध्ये जे दोन जॅक असतात, त्यांना मिळून इफेक्ट्स लूप म्हणतात. 'सेंड'मधून आवाज बाहेर पाठवायचा, बाहेर ठेवलेल्या इफेक्टच्या पेडलमधून फिरवायचा आणि 'रिटर्न'मधून परत आत घ्यायचा. गावाबाहेरून काढलेला वळणरस्ताच म्हणा ना.

हा रस्ता कशासाठी? समजा, तुम्हाला प्रतिध्वनी देणारं डिले पेडल वापरायचं आहे. ते गिटार आणि इनपुटच्या मध्ये लावलं आणि प्रीअ‍ॅम्पचा गेन चढवून आवाज फाटका, खरखरीत केला, तर प्रतिध्वनीसुद्धा सोबत फाटतो आणि सगळा गोंधळ होतो. तेच पेडल लूपमध्ये लावलं की आधी आवाज फाटतो आणि मग त्या फाटक्या आवाजाचा स्वच्छ प्रतिध्वनी मिळतो. म्हणून डिले, रिव्हर्ब अशी पेडल्स बहुतेक वादक लूपमध्ये लावतात.

पण आम्ही तर लूप वापरतच नव्हतो!

बरोबर. आमच्याकडे एकही पेडल नाही. मग सेंड-रिटर्न रिकामे असताना आवाज पुढे जातो कसा?

इथेच खरी गंमत आहे. साध्या, म्हणजे सीरिज प्रकारच्या लूपमध्ये, रिटर्नच्या जॅकमध्ये धातूची एक छोटी लवचिक पट्टी असते. जॅक रिकामा असला की ती दुसऱ्या पट्टीला टेकून असते आणि सेंडचा आवाज तिच्यातून सरळ पॉवर अ‍ॅम्पकडे जातो. पिन आत घातली की पट्टी बाजूला सरकते, सरळ रस्ता बंद होतो आणि आवाज वळणरस्त्याने यायला लागतो.

तुमच्या आजोबांचा जुना रेडिओ आठवा. हेडफोनची पिन घातली की स्पीकर बंद व्हायचा, पिन काढली की चालू. तीच ही पट्टी. आणि कधी कधी पिन काढूनही स्पीकर मुकाच राहायचा ना? मग आपण पिन दोन-चार वेळा आत-बाहेर करायचो आणि रेडिओ गायला लागायचा. आमच्या अ‍ॅम्पचं नेमकं हेच झालं होतं.

सरावाला थांबलेल्या मुलींना मी हे सांगत होते, तेव्हा पाचवीतल्या एकीने विचारलं, "बाई, तिथं तर आपण काही लावतच नाही. मग ते बिघडलं कसं?"

किती छान प्रश्न! उत्तर असं, की वापरत नाही म्हणूनच बिघडलं. पिन आत-बाहेर होत राहिली की पट्टी घासली जाते आणि स्वच्छ राहते. वर्षानुवर्षं पिन गेलीच नाही तर धूळ बसते, दमट हवेने धातूवर बारीक थर चढतो. घरी तांब्याचा तांब्या न घासता ठेवला की काळपट पडतो, तसंच. पट्ट्या दिसायला टेकलेल्या असतात, पण मधल्या थरामुळे आवाज नीट पलीकडे जात नाही. जोराचा संदेश कसाबसा पार होतो, हलका अडकतो. तार जोरात छेडल्यावर आवाज परत यायचा, तो यामुळेच.

आधी काळजी, मग तपासणी

खालच्या सगळ्या तपासण्या अ‍ॅम्प न उघडता करायच्या आहेत. या गोष्टी आधी वाचा :

• अ‍ॅम्पचं झाकण उघडू नका. व्हॉल्व्हच्या (ट्यूबच्या) अ‍ॅम्पमध्ये ३०० ते ५०० व्होल्टपर्यंत दाब असू शकतो आणि प्लग काढल्यानंतरही तो कपॅसिटरमध्ये साठून राहतो. तो जीव घेऊ शकतो.
• वायर लावताना-काढताना आवाजाचं बटण शून्यावर ठेवा.
• मागच्या बाजूला स्पीकरचा जॅकही असतो आणि तो दिसायला सेंड-रिटर्नसारखाच असतो. नाव वाचूनच पिन घाला. स्पीकर आऊटची वायर रिटर्नमध्ये कधीही घालायची नाही.
• व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प स्पीकर जोडल्याशिवाय चालू करू नका, आतला ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.
• मुलांनी बघायचं, वायरी मोठ्या माणसानेच लावायच्या.

बिघाड शोधण्याच्या पायऱ्या

नियम एकच : एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय झालं ते वहीत लिहा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशामुळे पडला, ते कळत नाही.

*पायरी १ : सोप्या गोष्टी आधी.* गिटारची वायर बदलून बघा. गिटारवरचं आवाजाचं बटण बघा. पेडल्स असतील तर सगळी काढा आणि गिटार सरळ इनपुटला लावा. लूप चालू-बंद करायचं बटण किंवा पायाने दाबायचा स्विच असेल तर तोही बघा. निम्मे बिघाड वायरीतच सापडतात, असं जुने वादक सांगतात ते उगाच नाही.

*पायरी २ : सेंड आणि रिटर्न जोडा.* हीच मुख्य तपासणी. दोन्ही टोकांना पाव इंची पिन असलेली गिटारची छोटी वायर घ्या. स्पीकरची वायर नको. एक टोक सेंडमध्ये, दुसरं रिटर्नमध्ये घाला. आता गिटार वाजवा.

आवाज पूर्ण आणि स्थिर आला, तर प्रीअ‍ॅम्प चांगला, पॉवर अ‍ॅम्प चांगला, स्पीकरही चांगला. दोष जवळजवळ नक्की रिटर्नच्या त्या पट्टीत आहे, कारण आपण वायरीने फक्त तेवढी पट्टीच टाळली आहे. आम्ही हे केलं आणि आवाज असा दणक्यात आला, की पहिलीतली दोन मुलं दचकली!

*पायरी ३ : फरक पडला नाही तर पुढचा अर्धा भाग तपासा.* ती छोटी वायर काढा. गिटारवरचा आवाज शून्यावर आणा आणि गिटारची वायर इनपुटमधून काढून सरळ रिटर्नमध्ये लावा. मग हळूहळू आवाज वाढवा. आता प्रीअ‍ॅम्प वाटेत नाही, त्यामुळे आवाज बारीक आणि साधा येईल, गेन-ट्रेबल चालणार नाहीत. ते योग्यच आहे. काही अ‍ॅम्पमध्ये मास्टरचं बटण लूपच्या आधी असतं, तेव्हा तेही चालत नाही. म्हणून सुरुवात शून्यापासूनच करा. बारीक का होईना, स्थिर आवाज आला तर पॉवर अ‍ॅम्प आणि स्पीकर ठीक आहेत. काहीच आलं नाही किंवा आवाज तुटत राहिला, तर दोष पुढच्या भागात आहे.

*पायरी ४ : मागचा अर्धा भाग तपासा.* गिटार परत इनपुटला लावा. सेंडमधून वायर काढून शाळेच्या साऊंड सेटच्या मिक्सरला, लाइन इनपुटमध्ये, आवाज अगदी कमी ठेवून लावा. तिथे गिटार नीट ऐकू आली तर प्रीअ‍ॅम्प ठीक. नाही आली तर दोष सेंडच्या आधी आहे.

*पायरी ५ : पिन हलवून बघा.* लूपमध्ये वायर असताना पिन हलकेच हलवली आणि आवाज येऊ-जाऊ लागला, तर वायर बदलून पुन्हा बघा. नवीन वायरीनेही तेच झालं तर जॅक सैल झालाय किंवा त्याचा डाग, म्हणजे सोल्डरिंग, सुटलंय. हे काम कारागिराचं.

बघा, पाच पायऱ्यांत आपण सगळा अ‍ॅम्प पालथा घातला आणि एक स्क्रूही काढला नाही. आता दुरुस्तीवाल्याकडे जावं लागलं तरी "आवाज येत नाही" एवढंच न सांगता "सेंडपर्यंत आवाज ठीक येतो, रिटर्ननंतर जातो" असं सांगता येतं. त्याचा वेळ वाचतो, आपले पैसे वाचतात आणि न बघता "बोर्ड गेला" म्हणायला जागा राहत नाही.

सफाई कशी केली?

संमेलन होईपर्यंत आम्ही ती छोटी वायर तशीच ठेवली. चालतं तसं, काही बिघडत नाही. कार्यक्रम पार पडल्यावर सफाई केली :

१. अ‍ॅम्प बंद करून प्लग भिंतीतून काढला.
२. विजेच्या जोडांसाठी मिळतो तो कॉन्टॅक्ट क्लीनर स्प्रे गिटारच्या पिनेवर थोडासा मारला. जॅकमध्ये धो धो मारायचा नाही.
३. ती पिन रिटर्नमध्ये दहा-पंधरा वेळा आत-बाहेर केली. मध्येच पिन कापडाने पुसली. कापडावर काळपट डाग आला, तो मुलांना दाखवला.
४. सेंडलाही तसंच केलं.
५. स्प्रे पूर्ण वाळेपर्यंत थांबलो. असे बरेच स्प्रे पेट घेणारे असतात, म्हणून खिडक्या उघड्या ठेवल्या.
६. मग लूप रिकामा ठेवून वाजवून पाहिलं. आवाज पूर्ण!

खोबरेल तेल, शिलाई मशीनचं तेल, सँडपेपर यांतलं काही वापरू नका. तेलावर धूळ चिकटते आणि सँडपेपरने पट्टीवरचा मुलामा निघतो. सफाईनंतर काही दिवसांत पुन्हा तेच झालं तर पट्टीतला ताण गेला आहे असं समजा आणि कारागिराकडून जॅक बदलून घ्या.

आता महिन्यातून एकदा, साफसफाईच्या शनिवारी, एक मुलगी बंद अ‍ॅम्पच्या रिटर्नमध्ये पिन पाच वेळा आत-बाहेर करते. तिने त्या कामाला "पट्टीचा व्यायाम" असं नाव दिलंय.

लूपची आणखी काही दुखणी

*घूंऽऽ असा गुणगुणाट :* लूपमध्ये पेडल लावल्यावरच येत असेल, तर अ‍ॅम्प आणि पेडलचा अ‍ॅडाप्टर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावून बघा. जमिनीच्या जोडणीचे दोन वेगळे मार्ग झाले की असा आवाज येतो. पण गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थची पिन काढणं म्हणजे जिवाशी खेळ. ते कधीही करायचं नाही.

*पेडल लावल्यावर आवाज फाटतो किंवा पडतो :* लूपची पातळी आणि पेडलची पातळी जुळत नसेल. काही लूप −१० डीबीव्ही (सुमारे ०.३ व्होल्ट) पातळीवर चालतात, काही +४ डीबीयू (सुमारे १.२ व्होल्ट) वर. मागे तसं बटण असेल तर पेडलसाठी कमी पातळी निवडून बघा.

*आवाज पोकळ येतो :* लूपला 'मिक्स'चं बटण असेल तर तो पॅरलल प्रकारचा असतो. त्यात मूळ आवाज सरळ पुढे जातच राहतो आणि पेडलचा आवाज त्यात मिसळतो. दोन्हींचा मेळ बसला नाही की ते एकमेकांना खातात. अशा लूपमध्ये पायरी २ वरून खात्रीने निष्कर्ष काढता येत नाही, पायरी ३ आणि ४ वर भर द्या.

वर्गात करायचा उपक्रम : बिघाड शोधा

अ‍ॅम्प नसला तरी ही पट्टी वर्गात बनवता येते. साहित्य : दीड व्होल्टचे दोन सेल, टॉर्चचा छोटा बल्ब, वायरचे तुकडे, पुठ्ठा, अ‍ॅल्युमिनियम फॉइल, पेन्सिल, चिकटपट्टी.

पुठ्ठ्याच्या दोन अरुंद पट्ट्यांना फॉइल गुंडाळा. एक पट्टी पाटीवर चिकटवा. दुसरी तिच्यावर अशी बसवा, की तिचं टोक दाबून टेकेल. सेल, बल्ब आणि या दोन पट्ट्या एकामागोमाग एक जोडून वर्तुळ पूर्ण करा. बल्ब लागेल. आता पट्ट्यांच्या मध्ये पेन्सिल सरकवा, बल्ब विझेल. पेन्सिल म्हणजे आपली पिन.

मग मुलांना न दाखवता जिथे फॉइल टेकतं तिथे पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा लावा. पट्ट्या टेकलेल्या दिसतील, पण बल्ब लागणार नाही. आता एका वायरीची दोन टोकं दोन्ही पट्ट्यांच्या मागच्या फॉइलला लावायला सांगा. बल्ब लागला! म्हणजे सेल चांगले, बल्ब चांगला, दोष पट्ट्यांमध्येच. हीच आपली पायरी २.

मी चार गटांना चार संच दिले : एकात संपलेला सेल, एकात गेलेला बल्ब, एकात सैल वायर, एकात चिकटपट्टी. अट एकच, "आधी अंदाज लिहा, मग एकच गोष्ट बदला." पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांनी सगळं ओढून काढलं! दुसऱ्या फेरीत मात्र मुलं शांतपणे एकेक बघायला लागली. घरी हा प्रयोग करताना फक्त सेलच वापरायचे, भिंतीतल्या विजेला हात लावायचा नाही, हे पालकांनी आवर्जून सांगावं.

आणि तो वहीतला बिघाड

माझ्या वर्गात एक मुलगा आहे. त्याच्या नावापुढे मी नोंदवहीत लिहिलं होतं, "भागाकार कच्चा." अ‍ॅम्पच्या प्रकरणानंतर ती नोंद वाचली आणि मला ओशाळल्यासारखं झालं. मीही न बघताच "बोर्ड गेला" असं म्हणून मोकळी झाले होते.

त्याला जवळ बसवलं आणि वाटेवाटेने तपासलं. सहाचा पाढा विचारला : येतो. वजाबाकी दिली : बरोबर. ६८४ ÷ ६ दिलं : ११४, अगदी बरोबर! मग ६१२ ÷ ६ दिलं. उत्तर आलं १२.

सापडलं. ६ चा भाग १ ला जात नाही, तेव्हा तो वर शून्य न लिहिता सरळ पुढचा २ खाली घ्यायचा. "काही गेलंच नाही, मग लिहायचं काय?" असं त्याचं म्हणणं. सगळा भागाकार येत होता, अडलं होतं ते फक्त त्या रिकाम्या जागेत. मग आम्ही खेळातल्या नोटा घेतल्या. शंभराच्या सहा, दहाची एक आणि रुपयाची दोन नाणी सहा जणांत वाटली. शंभराची एकेक नोट प्रत्येकाला मिळाली. दहाची नोट वाटता येईना, म्हणजे दहाच्या घरात प्रत्येकाला शून्य. ती मोडून एकूण बारा नाणी झाली, दोन-दोन वाटली. "म्हणजे एकशे दोन!" तो स्वतःच म्हणाला. दोन दिवसांत त्याची अशी गणितं बरोबर यायला लागली. नोंदवहीतली ती ओळ मी खोडली आणि लिहिलं, "भागाकार येतो. भागाकारातल्या शून्याचा सराव घ्यावा."

"गणितात कच्चा", "लक्षच नसतं", "वाचनच येत नाही" ही सगळी न बघता केलेली निदानं आहेत, मित्रहो. मुलाला कुठपर्यंत येतं आणि नेमकं कुठे अडतं, हे एकेक पायरीने बघितलं तर दोष बहुधा छोटा निघतो, आणि तो दुरुस्त करणं आपल्या हातातलं असतं.

वाचनकोपऱ्याचे साडेतीन हजार वाचले. त्यातून नवीन पुस्तकं आली. तुमच्या घरी किंवा शाळेत मुका पडलेला एखादा अ‍ॅम्प, रेडिओ वा टेपरेकॉर्डर असेल, तर भंगारात देण्याआधी एकदा त्याच्या जॅकमध्ये पिन आत-बाहेर करून बघा. आणि आज रात्री मुलाची वही तपासताना चुकलेल्या गणितावर फुली मारण्याआधी विचारा, "बाळा, हे तू कसं केलंस, मला एकेक करून सांग बरं."